माळ्यावरचा लोखंडी टोप

(ऊस विकास विभागाकडून)



आडसाली लागणीच्या सूचना आणि बेणे वाटपाचे वेळापत्रक याच अंकात पुढे दिले आहे. ते अगोदर वाचावे, मग या पानाकडे वळावे. हे पान एरवी हुमणी, पाचट आणि खोडवा यांचे. या खेपेस संपादक मंडळाने मोकळीक दिली, म्हणून उसाबाहेरचा एक विषय घेतला आहे. पण तो आपल्याच एका गटातल्या घरातून निघाला आहे, आणि तसलीच वस्तू आणखी पाच-पंचवीस घरांच्या माळ्यावर पडून असावी असा माझा अंदाज आहे.

ऊस नोंदीसाठी चिटबॉयला बरोबर घेऊन वस्त्यांवर फिरावे लागते. नोंदीचे काम पाच मिनिटांचे, चहाचे अर्ध्या तासाचे. अशाच एका वस्तीवर घरच्या सूनबाई गोठ्यात म्हशीला पेंड घालत होत्या. पेंड मोजायला पाटी नव्हती की घमेले नव्हते. एक खोलगट, जाड पत्र्याचे, काळपट हिरवे भांडे होते. दोन भांडी म्हशीला, एक रेडकाला. भांड्याची कड मागे आणि दोन्ही बाजूंना खाली उतरलेली, पुढे आखूड चोच. जवळ जाऊन पाहिले, तर तो जर्मन फौजेचा लोखंडी टोप. घरमालक सत्तरी ओलांडलेले जुने सभासद.

"आबा, हे कुठलं म्हणायचं?"

"ते व्हय? आमच्या वडिलांनी लढाईतनं आणलंय. इटलीतनं. भंगारवाला सारखा येतोय, किलोवर मागतोय. पोरं म्हणत्यात देऊन टाका. मी म्हटलं राहू दे, पेंडीला माप बरं हाय."

"वडील कुठल्या पलटणीत होते?"

"मराठ्यात होते, एवढं ठावं. जास्त बोलायचेच न्हाईत. कधीतरी सेनव, सेनव म्हणायचे. आम्हाला वाटायचं कुणी जोडीदार असंल त्यांचा, मेलेला."

पुढच्या फेरीला आबांनी पत्र्याची ट्रंक उघडून ठेवली होती. सात-बाराच्या जुन्या उताऱ्यांखाली फौजेचे डिस्चार्ज बुक निघाले. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण पलटणीची ओळ शाबूत: पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री, पहिली बटालियन. तेवढ्या एका ओळीवरून पुष्कळ गोष्टींचा उलगडा झाला. सेनव हा जोडीदार नव्हे. ती नदी आहे. नकाशात तिचे नाव सेनिओ.

आता अगोदर टोपाकडे पाहू, कारण अशी वस्तू वाचता येते. उसाचे पान पाहून आपण नत्र कमी की लोह कमी ते सांगतो, त्यातलाच हा प्रकार.

पहिले महायुद्ध १९१४ साली सुरू झाले तेव्हा कुठल्याच मोठ्या फौजेतल्या साध्या शिपायाच्या डोक्यावर पोलाद नव्हते. फ्रेंचांच्या डोक्यावर कापडी टोपी, इंग्रजांच्याही कापडीच, आपल्या हिंदी पलटणींच्या डोक्यावर फेटा. जर्मनांचा वर टोकदार भाला असलेला टोप चित्रांत फार दिमाखदार दिसतो, पण तो उकळून घट्ट केलेल्या कातड्याचा. परेडीला छान, तोफेच्या गोळ्यापुढे कुचकामी. लढाई खंदकांत गेली आणि माणसे डोक्याच्या जखमांनी मरू लागली. खंदकातल्या माणसाचे अंग मातीआड असते, उघडे राहते ते डोके, आणि तोफगोळा वर फुटून त्याच्या चिपा खाली बरसतात. गोळी लागून मेलेल्यांपेक्षा तोफखान्याने मेलेले अधिक, हे त्या युद्धाचे वैशिष्ट्य.

१९१५ साली फ्रेंचांनी पहिला पोलादी टोप काढला. तो काढणारा आद्रियाँ नावाचा लष्करी अधिकारी. एका जखमी शिपायाने टोपीखाली जेवणाचे लोखंडी भांडे ठेवले होते म्हणून तो वाचला, आणि त्यावरून आद्रियाँला ही कल्पना सुचली, असे सांगतात. त्याच वर्षी लंडनच्या ब्रॉडी याने परातीसारखा पसरट इंग्रजी टोप काढला. तो मँगनीज पोलादाचा. खडी क्रशरचे जबडे आणि रेल्वेच्या रुळांचे सांधे ज्या जातीच्या पोलादाचे करतात, तेच हे, मार खाऊन आणखी कठीण होणारे. जर्मनांनी वेळ घेतला. हॅनोव्हरच्या तंत्रशाळेतील फ्रीडरिश श्वेर्ड आणि शस्त्रवैद्य औगुस्ट बिअर या दोघांनी मिळून विचार केला. बारीकशी चीपसुद्धा मेंदूत गेली की माणूस संपतो, तेव्हा कपाळ, कानशिले आणि मान ही तिन्ही झाकली पाहिजेत. म्हणून तो कोळशाच्या टोपलीसारखा खाली उतरलेला आकार. १९१६ साली व्हर्दूंच्या लढाईत तो प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसला. बंदुकीची सरळ गोळी मात्र यातला कुठलाच टोप अडवीत नव्हता, हे ध्यानात ठेवावे. तो चिपांसाठी होता.

हा जर्मन टोप सुरुवातीला तयार झाला तो थाले गावच्या लोखंड कारखान्यात. हा कारखाना एरवी काय करीत असे? इनॅमलची भांडी! ताटे, पातेली, मग. पत्र्याची चकती दाबून खोलगट भांडे काढायचे कसब त्यांच्या हातात होतेच. दुसऱ्या महायुद्धातही टोप करणाऱ्या जर्मन कारखान्यांत इनॅमलच्या भांड्यांचे कारखाने होते. फुलदा गावचा तसाच एक. तेव्हा आबांच्या सूनबाईंनी टोपाचे पेंडीचे माप केले, यात त्या वस्तूचा अपमान झाला असे मला वाटत नाही. भांड्याच्या घरातून आलेली वस्तू भांड्यातच जमा झाली.

आबांच्या टोपात आत डाव्या बाजूला, कानाच्या वरच्या भागात, 'ईटी ६४' असा ठसा आहे. ईटी म्हणजे थालेचाच कारखाना. ६४ हे कवचाचे माप. आत कातड्याची गादी बसली की हा ५६-५७ सेंटिमीटर घेराच्या डोक्याला बसतो, म्हणजे मध्यम डोक्याच्या माणसाला. मागच्या बाजूला आणखी एक आकडा आहे, तो घाणीचा, म्हणजे एका तावाच्या पोलादाचा. कड पाहिली तर ती नुसती कापून किंचित बाहेर मोडलेली, हाताला लागते. १९३५ आणि १९४० च्या नमुन्यांत कड आत वळवून गोल केलेली असे. १९४२ साली ते काम काढून टाकले. एका टोपामागे थोडाच वेळ वाचत असेल, पण लाखो टोप करायचे तर ते थोडे थोडके नव्हे. लढाई आपल्या अंगावर आली आहे हे त्या सरकारने भाषणात कबूल केले नसेल, टोपाच्या कडेवर ते लिहून ठेवले आहे. बाजूचे रंगीत शिक्के त्यांनी एकेक करून बंद केले, एक १९४० मध्ये, दुसरा १९४३ मध्ये. चमकणारा शिक्का दुरून दिसतो, म्हणून.

आतली कातडी गादी उंदरांनी केव्हाच खाल्लेली. तीन खिळे तेवढे राहिले आहेत. याचे वाईट वाटते, कारण जर्मन शिपाई पुष्कळदा आपले नाव त्या कातड्यावर किंवा मागच्या कडेच्या आत लिहीत असे. ज्या टोपांत नाव शाबूत होते, त्यांतले काही युद्धानंतर अनेक वर्षांनी त्या त्या शिपायाच्या घरी परत गेले आहेत. आबांच्या टोपातले नाव आता मिळणार नाही. पण तो आणणाऱ्याचे नाव मिळू शकते, आणि माझा सगळा आटापिटा त्यासाठीच आहे.

दुसऱ्या महायुद्धात आपल्या तीन हिंदी डिव्हिजन इटलीत लढल्या: चौथी, आठवी आणि दहावी. आठवी सप्टेंबर १९४३ मध्ये तारांतो बंदराच्या बाजूने उतरली आणि दक्षिणेकडून वर सरकत गेली. पाचव्या मराठ्याची पहिली पलटण या आठव्या डिव्हिजनमध्ये, तिसरी पलटण दहाव्या डिव्हिजनमध्ये. इटली म्हणजे नुसते डोंगर आणि डोंगरातून आडव्या वाहणाऱ्या नद्या. प्रत्येक नदी ओलांडायची, पलीकडची टेकडी घ्यायची, की पुढे आणखी एक नदी.

तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे हे रायगड (तेव्हाचा कुलाबा) जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातले. वय २२. १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. त्यांच्याखेरीज तुकडीतले सारे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे पुढे धावले. हातबाँबने गन बंद पाडली, टॉमीगनने एकाला टिपले. नवी गोळ्यांची पेटी बसवायला सवड नव्हती, तेव्हा टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केले. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या व त्यांनी जिंकलेल्या जागेवरच प्राण सोडला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जुलै २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने गावी त्यांच्या नावाचे स्मारक उभे राहिले. ते सूर्यघडीच्या रूपात आहे. ७९ वर्षांनी का होईना, परक्या गावाने आठवण ठेवली.

आता सेनिओ. उत्तर इटलीतली सपाट, सुपीक मुलखातली ही नदी. पात्र फार रुंद नाही, पण पुरापासून शेते वाचावीत म्हणून दोन्ही काठांना मातीचे उंच बांध घातलेले आहेत. आपल्याकडे नदीकाठी मळी असते तशी तिथली जमीन, आणि तिच्या राखणीचे हे बांध. जर्मनांनी त्याच बांधांत बिळे पाडून मशीनगनी बसविल्या होत्या आणि काठावर सुरुंग पेरले होते. ९ एप्रिल १९४५ रोजी संध्याकाळी पहिली मराठा पलटण पात्रात उतरली. पहिल्या काही जणांत कंपनीचे निरोप्ये शिपाई नामदेव जाधव होते. ते अहिल्यानगर (तेव्हाचा अहमदनगर) जिल्ह्यातील निमज गावचे. बरोबरचे बहुतेक पडले. जाधवांनी एका जखमी जवानाला खोल पाण्यातून, चढत्या बांधावरून, सुरुंगांतून वाट काढीत मागे सुरक्षित जागी नेले. पुन्हा परत जाऊन दुसऱ्या जखमीला आणले. मग सोबत्यांचा बदला घ्यायचा म्हणून एकटे मशीनगनीवर चालून गेले. हाताला जखम झाली, टॉमीगन धरवेना, ती टाकून दिली आणि हातबाँबवर काम चालविले. तीन ठाणी बंद पाडल्यावर बांधाच्या माथ्यावर चढून शिवरायांचा जयजयकार करीत बाकीच्यांना त्यांनी पलीकडे बोलावले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते जिवंत परत आले आणि १९८४ साली पुण्यात वारले.

आबांचे वडील त्याच पलटणीत होते. त्या संध्याकाळी ते पाण्यात होते की मागे होते, कागद सांगत नाही. 'सेनव' हा शब्द तेवढा त्यांनी चाळीस वर्षे तोंडात ठेवला, आणि त्यांच्या मुलाला तो माणसाचे नाव वाटला.

२ मे १९४५ ला इटलीतल्या जर्मन फौजा शरण आल्या. शरण आलेल्याला शस्त्र खाली ठेवावे लागते, टोपाचे कामही संपते. तेव्हा आबांच्या वडिलांनी तो पडलेल्यांतून उचलला असेल, किंवा आधी कुठल्या बांधाखाली. मेलेल्याच्या अंगावरचे काढून घेणे आपल्याकडे वाईट समजतात, आणि ते खरेच आहे. म्हणून आबांनी मला दोनदा विचारले, "साहेब, मढ्यावरचा नसंल ना?" मी काय सांगणार? एवढेच म्हटले, की तुमचे वडील तुम्हाला ठाऊक आहेत, मला नाहीत.

परमुलखातल्या शिपायांनाही ही हौस दांडगी होती. दुसऱ्या युद्धात अमेरिकन शिपायाला अशी वस्तू घरी न्यायची तर वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला लागे. ती वस्तू अमक्याने पकडली आणि त्याची स्वतःची आहे, असे त्यावर लिहिलेले असे. तो चिठोरा आणि टोप दोन्ही एकत्र असले की तिकडच्या संग्राहकांत त्या टोपाचे मोल वाढते. पहिल्या युद्धानंतर तर त्यांच्या सरकारनेच हे काम केले. १९१९ साली न्यूयॉर्कच्या मोठ्या रेल्वे स्टेशनासमोर युद्धकर्जाच्या प्रचारासाठी जर्मन भालेदार टोपांचा मनोरा रचला होता. टोप सुमारे १२ हजार. छायाचित्र पाहिले की गाळप हंगामातल्या बैलगाड्यांच्या अड्ड्यासारखे वाटते, पण त्यातला एकही टोप कोणाचा ते कळत नाही. ढीग तो ढीग.

या हौशीतला सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे ऑस्ट्रेलियन फौजेतला जॉन हाइन्स, उर्फ बार्नी. मूळचा इंग्लंडातल्या लिव्हरपूलचा. चाळिशी उलटल्यावर भरती झाला, प्रकृतीच्या कारणाने घरी धाडला गेला, पुन्हा जाऊन भरती झाला आणि ४५ व्या बटालियनबरोबर फ्रान्सच्या आघाडीवर पोचला. २७ सप्टेंबर १९१७ ला बेल्जियममध्ये पॉलिगॉन वुडच्या लढाईनंतर फ्रँक हर्ली या छायाचित्रकाराने त्याचा फोटो काढला. डोक्यावर जर्मन शिपायाची टोपी, भोवती जर्मनांच्या हत्यारांचा आणि सामानाचा पसारा, आणि मधोमध हा गडी बसून नोटा मोजतो आहे. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी पटका सोडून बसलेला व्यापारी शोभावा. त्याला नाव पडले 'स्मरणवस्तूंचा राजा'. त्याने खंदकात मोठे लोलकाचे घड्याळ वाहून आणले आणि त्याच्या टोल्यांवर जर्मनांचे गोळे येऊ लागले म्हणून सोबत्यांनी ते उडवून दिले, अशीही एक गोष्ट सांगतात. हा फोटो पाहून जर्मनीचा कैसर चिडला आणि त्याने हाइन्सच्या डोक्यावर इनाम लावले, असेही पुष्कळ वर्षे छापले जाई. त्याला पुरावा काही नाही.

माणूस आवडावा असा हा फोटो नव्हे. लूट ती लूट. पण हाइन्सचे पुढचे आयुष्य वाचले आणि हा फोटो दाखवून त्याची ओळख संपवणाऱ्यांचा राग आला. युद्ध संपल्यावर तो सिडनीच्या बाहेर, माउंट ड्रूइट भागात राहिला. घर म्हणजे गोणपाटाची झोपडी. भोवती कुंपण, त्यावर लढाईतल्या वस्तू टांगलेल्या. उत्पन्न म्हणजे फौजेची पेन्शन, मिळेल ते काम, आणि नड पडली की एखादी वस्तू विकायची. झोपडीभोवती त्याने भाजीपाला लावला होता. दर आठवड्याला हा म्हातारा पेटीत भाजी भरायचा आणि प्रवास करून काँकर्डच्या सैनिकी इस्पितळात जायचा. तिथे युद्धात जायबंदी होऊन पडलेले जवान होते, त्यांच्यासाठी ती भाजी. जानेवारी १९५८ मध्ये तो त्याच इस्पितळात मेला. फोटो जगभर गेला, भाजीचा फोटो कोणी काढलेला नाही. त्याने गोळा केलेल्या वस्तू एकेक करून विकल्या गेल्या, आणि कुणाच्या दिवाणखान्यात ते 'जुने जर्मन सामान' होऊन बसले असेल.

जर्मनीत त्या टोपांचे काय झाले? १९४५ मध्ये देश बेचिराख, भांडे मिळेना, आणि टोप पैशाला पासरी. कारखान्यांनी ते पुन्हा यंत्राखाली घातले. भोके पाडून गाळण्या केल्या, कड काढून, कान जोडून पातेली केली, वर इनॅमल चढविले. आणि शेतकऱ्यांनी काय केले ते आपल्या सभासदांना ऐकायला आवडेल. टोपाला लांब लाकडी दांडा ठोकला आणि गोठ्याच्या टाकीतले शेण-मुताचे पातळ पाणी उपसून शेतात टाकायला तो डोण म्हणून वापरला. असे दांडेवाले टोप तिकडच्या गावोगावच्या संग्रहालयांत ठेवले आहेत. आपण आज स्लरी म्हणतो तीच ती. आबांना हे सांगितले तेव्हा ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, "मग आमचं पेंडीचं काम लय सोवळं म्हणायचं."

टोप आबांनी विकलेला नाही. सूनबाईंनी पेंडीला प्लॅस्टिकचा डबा केला. नातवाने एका कागदावर पणजोबांचे नाव, पलटण, नंबर आणि 'सेनिओ नदी, इटली' असे लिहून तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टोपात ठेवला. एवढे झाले की ती वस्तू भंगार राहत नाही. नसता हा कागद, तर माझ्यानंतर येणाऱ्या माणसाला ते फक्त किलोभर लोखंड.

आपल्या मुलखातून फौजेत गेलेल्यांची संख्या लहान नाही. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे, लोक त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. त्या एका गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले आणि त्याचा दगड गावात लावलेला आहे. पुष्कळ गावांत असे दगड नाहीत. जे तिकडेच राहिले त्यांची नावे फोर्ली, सांग्रो, कासिनो येथील स्मशानभूमीत आणि स्मारकांवर कोरलेली आहेत. जे परत आले आणि निमूटपणे औताला लागले, त्यांची नावे मात्र कुठल्याच दगडावर नाहीत. दुसऱ्या युद्धातला परत आलेला शिपाई आज हयात असला तर शंभरीच्या घरात आहे. त्याचा मुलगा सत्तरीत आहे. विचारायचे ते त्यालाच, आणि लवकर.

म्हणून संपादक मंडळाच्या संमतीने ठरविले आहे की, सभासदांच्या घरांतील जुन्या सैनिकांची यादी गावनिहाय करून ती याच पत्रात क्रमशः छापावी. त्यासाठी सैनिकाचे पूर्ण नाव, गाव, पलटण, नंबर माहीत असल्यास नंबर, कुठे लढले, आणि घरात एखादी वस्तू असल्यास ती कोणती व कुठून आणली असे ते सांगत, एवढे कागदावर लिहून गट कार्यालयात द्यावे. डिस्चार्ज बुक, पदके, पत्रे मूळ स्वरूपात देऊ नयेत, झेरॉक्स द्यावी. पलटण कळत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कागद दाखवून विचारावे. मराठा पलटणीचे केंद्र बेळगावला आहे, तिथेही पत्र टाकता येते. 'सेनव' सारखा एखादाच शब्द घरात उरला असेल तर तोही लिहावा, अडाणीपणाचा वाटला तरी.

वस्तूंबद्दल थोडे. टोप असल्यास रंग देऊ नये, वायरब्रशने घासू नये, चिंचेने तर मुळीच नाही. जुना रंग, शिक्का, लिहिलेले नाव सगळे त्यात जाते. कोरड्या फडक्याने पुसून मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवावा आणि ओल लागणार नाही अशा जागी ठेवावा. परातीसारखा पसरट टोप असेल तर लोहचुंबक लावून पाहावे. चिकटला नाही तर तो मँगनीज पोलादाचा, म्हणजे बहुधा इंग्रजी, आपल्याच जवानांच्या डोक्यावर असे तसला. हातबाँब, तोफगोळा, काडतूस असे काही निघाले तर मात्र त्याला हात लावू नये, कितीही जुने असो. पोरांना लांब ठेवून पोलीस ठाण्यात कळवावे.

लागण नोंदीच्या फेरीत आमचे कर्मचारी प्रत्येक घरी याबद्दल विचारतील. त्यांच्यासाठी वस्तू उजळून ठेवायची गरज नाही, पेंड लागलेली असली तरी तशीच दाखवावी.